दहा दिवसांचे अंगण

(उन्हाळी बालशिबिरांत शिकविणाऱ्या शिक्षक-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



एप्रिल महिना सरत आला की शाळांच्या फाटकांवर, वाचनालयांच्या फलकांवर आणि हल्ली घरोघरच्या भ्रमणध्वनींवर उन्हाळी बालशिबिरांची पत्रके झळकू लागतात. पत्रकाचा नमुना बहुधा ठरलेला असतो. वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा, कालावधी दहा दिवस, वयोगट चार ते आठ वर्षे. आणि त्याखाली विषयांची लांबलचक यादी. श्लोकपठण, योगासने, सूर्यनमस्कार, कथाकथन, चित्रकला, हस्तकला, नृत्य, नाट्य, वक्तृत्व, वैदिक गणित, सामान्यज्ञान आणि सर्वांत शेवटी, ठळक अक्षरांत, व्यक्तिमत्त्व विकास. दररोजचे तीन तास धरले तर दहा दिवसांचे तीस तास होतात. त्यांतून प्रार्थना, खाऊ, पाणी, रांगा लावणे, हरवलेली चप्पल शोधणे आणि रडणाऱ्यांची समजूत काढणे यांचा वेळ वजा केला तर हाती पंधरा-सोळा तासच उरतात. पंधरा तासांत पाच वर्षांच्या बालकाचे व्यक्तिमत्त्व विकसित करून देण्याची हमी ब्रह्मदेवानेही दिली नसती!

हे पत्रक वस्तुत: मुलांसाठी नसते, ते पालकांसाठी असते. आयोजकांनाच दोष द्यावा असेही नाही. नाव नोंदविण्यास येणारे दहांपैकी आठ पालक पहिला प्रश्न विचारतात तो ‘काय काय शिकवणार?’ हाच. त्या प्रश्नाला ‘मुले खेळतील, मातीत हात घालतील, गोष्ट ऐकतील आणि नव्या मित्राबरोबर डबा वाटून खातील’ असे उत्तर देण्याचे धैर्य फार थोड्यांजवळ असते. मग यादी लांबत जाते, आणि त्या यादीचे ओझे एकोणीस-वीस वर्षांच्या, नुकतीच महाविद्यालयीन परीक्षा देऊन आलेल्या ताई-दादांच्या खांद्यांवर येऊन पडते.

मोठ्या मुलांची निवासी शिबिरे घेण्याची आपल्याकडे चांगली परंपरा आहे. शिट्टीवर उठणे, मिनिटामिनिटाचे वेळापत्रक, बौद्धिक, गटचर्चा, रात्री शेकोटी हा साचा बारा-चौदा वर्षांच्या मुलांना उत्तम मानवतो. परंतु तोच साचा कापून लहान केला की लहान मुलांचे शिबिर तयार होते ही समजूत मात्र चुकीची आहे. मोठ्यांचा सदरा बाह्या दुमडून बाळाला घातला तर ते दिसते गोजिरवाणे, पण त्याला चालता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हा वयोगट वेगळा काढून त्याला ‘पायाभूत स्तर’ म्हटले आणि खेळ, कृती व शोध यांतून शिक्षण हा त्याचा मार्ग सांगितला. आपल्याकडील बालशिक्षणाचे आद्य कार्यकर्ते मात्र हे शंभर वर्षांपूर्वी ओळखून होते. त्यांच्याकडे पुढे वळायचेच आहे.

त्याआधी एक प्रश्न विचारून घ्यावा लागेल. चार वर्षांच्या मुलाला उन्हाळ्यात शिबिराला पाठविण्याची वेळ आपल्यावर आलीच कशी? आजच्या आजी-आजोबांच्या पिढीला असे शिबिर ठाऊक नव्हते. परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी एस.टी.ने आजोळ गाठायचे, आणि जूनमध्ये गुडघे फोडून, कातडी रापवून परत यायचे. आजोळी कोणी शिकवीत नसे. परंतु दहा वर्षांची मामेबहीण सहा वर्षांच्या भावाला सागरगोटे झेलायला शिकवी, तो चार वर्षांच्या धाकट्याला लगोरीत ‘कच्चा लिंबू’ म्हणून सामावून घेई, आणि धाकटा आज्जीच्या मागे मागे हिंडत कैऱ्या मोजून देई. गणित, भाषा, व्यायाम, समाजशास्त्र हे सारे त्या अंगणात उरकत असे आणि कोणाच्या ते ध्यानातही येत नसे.

ते अंगण आता वाहनतळ झाले आहे. मामाही दोन खोल्यांच्या सदनिकेत राहतो आणि मामी नोकरीला जाते. कुटुंबात मुले एक किंवा दोन. आई-वडील दोघेही दिवसभर बाहेर. एप्रिल-मे महिन्यांतील लांबलचक दुपारी मूल पडद्यासमोर काढते. म्हणून शिबिर निघते. याचा अर्थ असा की, उन्हाळी शिबिर ही शाळेची पुरवणी नव्हे. हरवलेल्या अंगणाची ती बदली जागा आहे. हे एकदा मनात पक्के झाले म्हणजे बारा विषयांच्या यादीचे काय करायचे हे निराळे सांगावे लागत नाही. ‘कच्चा लिंबू’ ही कल्पनाच पाहा. जो लहान आहे, ज्याला खेळ नीट जमत नाही, त्याला बाहेर बसवायचे नाही. तो खेळात आहे, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. शिक्षणशास्त्राच्या जाड ग्रंथांत ज्यासाठी प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली जातात, ती गोष्ट आपल्या गल्लीतील पोरांनी दोन शब्दांत सोडवून ठेवली होती. आपल्या शिबिरांत मात्र वयानुसार काटेकोर गट पाडले जातात आणि सख्ख्या बहीण-भावांनाही दहा दिवस एकमेकांची तोंडे दिसत नाहीत. निदान शेवटचा अर्धा तास सारे वयोगट एकत्र खेळावेत, एवढे तरी सहज करता येण्यासारखे आहे.

आता पहिल्या दिवसाविषयी. पहिल्या दिवशी मुले रडतात. साडेसातला आईचे बोट सुटते आणि पावणेआठला पटांगणात कोरस सुरू होतो. एक रडू लागले की शेजारचे, ज्याला रडण्याचे काहीच कारण नव्हते तेही, सूर लावते. अशा वेळी व्यासपीठावर दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि उद्घाटनाचे भाषण चालू असेल तर तो प्रसंग करुण आणि विनोदी असा एकाच वेळी होतो. उद्घाटन करावयाचेच असेल तर आदल्या संध्याकाळी पालकांपुरते करावे.

गुजरातमधील गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि त्याला कसे वाढवावे या चिंतेतून ते मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांकडे वळले. पुढे वकिली सुटली, आणि १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. लोक त्यांना प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत. त्यांचे ‘दिवास्वप्न’ हे छोटेखानी पुस्तक प्रत्येक शिबिरशिक्षकाने वाचावे. त्यात लक्ष्मीराम नावाचा एक ध्येयवादी शिक्षक चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्या दिवसाची त्याने जय्यत तयारी केलेली असते. खिडक्या मिटायच्या, काळोख करायचा, मुलांना शांतता अनुभवू द्यायची. माँटेसरी पद्धतीतील मौनाचा खेळ. प्रत्यक्षात होते काय? काळोख होताच मुले आरोळ्या ठोकतात, टाळ्या पिटतात, पाय आपटतात. सारा बेत धुळीला मिळतो, आणि बिचारा शिक्षक वर्गाला सुट्टी देऊन मुख्याध्यापकांचे बोल ऐकून घेतो. दुसऱ्या दिवशी तो शांततेचा आग्रह सोडून देतो आणि एक लांबच लांब गोष्ट सांगायला बसतो. कालची तीच मुले चिडीचूप होऊन पुढे सरकतात.

पुस्तक काल्पनिक आहे. पण बालशिक्षणाचा एवढा मोठा आचार्य आपल्या कथेचा आरंभ नायकाच्या फजितीने करतो, ही बाब नव्याने शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्यांना धीर देणारी आहे. पहिल्या दिवशी ठरविलेले काही घडले नाही म्हणून मुले वांड ठरत नाहीत आणि ताईही नालायक ठरत नाही. बेत चुकलेला असतो, आणि तो दुसऱ्या दिवशी बदलता येतो. अनुभवी ताई पहिल्या सकाळी बोलत नाहीत. त्या पटांगणाच्या चार कोपऱ्यांत चार गोष्टी मांडून ठेवतात: एका जागी भिजवलेली माती, दुसरीकडे पाण्याची घंगाळी आणि नारळाच्या करवंट्या, तिसरीकडे जुन्या साड्यांच्या दोऱ्या, चौथीकडे खडू आणि मोकळी फरशी. रडणारे मूल वीस मिनिटे कडेला उभे राहून पाहते. मग एक करवंटी पाण्यात बुडते. त्यानंतर आईची आठवण होते ती थेट खाऊच्या वेळी.

मातीविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण शिबिरांतून सर्वांत आधी तिलाच रजा मिळते. कपडे मळतात, पालक कुरकुर करतात, म्हणून चकचकीत कागद आणि रंगीत तयार माती आणली जाते. वस्तुत: एप्रिल-मेमधला निसर्ग हा न मागता मिळालेला शिक्षक आहे आणि त्याला मानधन लागत नाही. याच दिवसांत बहावा सोन्यासारखा फुलतो. काटेसावरीची बोंडे तडकतात आणि तिच्या रेशमी म्हाताऱ्या वाऱ्यावर तरंगू लागतात. अशी एक म्हातारी फुंकरीने किती वेळ वर ठेवता येते, या खेळात श्वसनाचा जो व्यायाम होतो, तो रांगेत बसवून करविलेल्या प्राणायामात चार वर्षांच्या मुलाकडून होणे नाही. सुकलेल्या शेंगा गोळा करून त्यांतले दाणे मोजणे, लहान-मोठे लावणे, खुळखुळे बनविणे, एवढ्यात अंकगणिताचा अर्धा अभ्यासक्रम आला. पळीभर राईचे दाणे आणि पळीभर वाल यांत जास्त काय, असे एकदा विचारून पाहावे. उत्तरांवरून जी भांडणे होतात ती ऐकण्यासारखी असतात.

आणि सावली. आपला सारा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने वर्षातून दोन वेळा मध्यान्ही सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. दुसरी वेळ जुलै-ऑगस्टमध्ये येते तेव्हा आभाळ भरलेले असते. पहिली मात्र मे महिन्यात, भर सुट्टीत. कोल्हापुरात साधारण ६-७ मे, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास हा शून्य सावलीचा दिवस येतो. शिबिरात सकाळी आठ, नऊ आणि दहा वाजता मुलांनी जोडीदाराच्या सावलीभोवती खडूने रेघ मारावी. आठची सावली राक्षसाएवढी लांब, दहाची बुटकी. ‘माझी सावली कोणी खाल्ली?’ असे एखादी चिमुरडी विचारते. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई शिक्षकाने करू नये. शून्य सावलीच्या दिवशी मुलांनी घरी जाऊन दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीत एक तांब्या ठेवावा आणि आई किंवा आजोबांसह त्याची सावली शोधावी, एवढा एकच गृहपाठ संपूर्ण शिबिरात पुरेसा आहे. भूगोल पुढे पाचवीत येईलच. तेव्हा तो या मुलांना ओळखीचा वाटेल.

कथाकथन हा तर आपल्या शिबिरांचा प्राण. तरीही सर्वाधिक चुका तिथेच होतात. गोष्ट सांगून झाल्यावर ‘मग मुलांनो, या गोष्टीवरून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न आल्याखेरीज आपल्याला चैन पडत नाही. मुलेही हुशार, ती ठरलेले उत्तर एका सुरात देऊन मोकळी होतात आणि गोष्ट तिथेच मरते. रायगडाच्या हिरकणीची कथा घ्या. गडाचे दरवाजे मिटले, तान्हे बाळ खाली घरी राहिले, आणि ती माता रात्री कडा उतरून गेली. सांगणाऱ्याचा सारा भर मातेच्या साहसावर आणि नंतर बांधलेल्या बुरुजावर असतो. पाच वर्षांच्या श्रोत्यांचा प्रश्न मात्र निराळाच असतो: ‘बाळाजवळ कोण होतं?’ एका शिबिरात हा प्रश्न आला तेव्हा गोष्ट सांगणारा दादा क्षणभर गडबडला, मग म्हणाला, ‘तुम्हीच सांगा.’ त्यानंतर दहा मिनिटे मुलांनी त्या बाळाची व्यवस्था लावली. कोणी शेजारच्या आजीला बोलावले, कोणी गाईला दाराशी बांधले, एकाने आपल्या घरची झोपेची उशी देऊ केली. त्यांच्यासाठी वीर ती हिरकणी नव्हतीच. तिची वाट पाहणारे बाळ होते. आईचे बोट सोडून आठवडाही न झालेल्या मुलांना ती गोष्ट अशीच कळणार. दादाने बुरुजाचा उल्लेख त्या दिवशी केला नाही, हे त्याने फार शहाणपणाचे केले.

युद्धाच्या, कोथळा काढण्याच्या गोष्टी चार-पाच वर्षांच्या गटात सांगू नयेत, असे सुचविले की काही कार्यकर्त्यांना वाईट वाटते. इतिहास लपवायचा का, असे ते विचारतात. लपवायचा नाही, त्याच्या वयाला सांगायचा. शिवराय या वयाला गडाच्या वाटांतून, घोड्यांच्या टापांतून आणि सवंगड्यांतून भेटावेत. ज्याला मृत्यू म्हणजे काय हेच समजलेले नाही, त्याला शौर्य कोठून समजणार? त्याला फक्त वाघनखे समजतात, आणि दुसऱ्या दिवशी डबा खाताना ती शेजाऱ्याच्या पोटाला लागतात.

श्लोकांविषयीही असेच. संथा देण्याची आपली जुनी रीत कानाने शिकण्याची आहे. एकाने म्हणावे, साऱ्यांनी ऐकावे, साऱ्यांनी मिळून म्हणावे. त्यात चुकणारा आवाज समूहात विरून जातो आणि हळूहळू आपोआप सुधारतो. मुलांना अर्थाआधी नाद आवडतो, आणि म्हणून दहा दिवसांत दोन-चार श्लोक त्यांच्या जिभेवर सहज बसतात. पण समूहातून एकेकाला उठवून ‘आता तू एकटा म्हण’ असे सांगितले की रीत तीच राहत नाही. तिथे पठण संपते आणि परीक्षा सुरू होते.

इथून समारोपाच्या कार्यक्रमाकडे यावे लागते. आणि खरे म्हणजे हे व्याख्यान त्यासाठीच आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी काही वर्षांपूर्वी घडलेला प्रसंग आहे. शिबिर उत्तम चालले होते. सातव्या दिवसापासून समारोपाची तयारी सुरू झाली. खेळ बंद झाले, मातीकाम आवरले गेले, आणि तीनही तास सराव सुरू झाला. सहा वर्षांचा एक मुलगा बोलताना अडखळत असे. विशेषत: ‘प’ आणि ‘क’ या अक्षरांशी तो थबके. पहिले सहा दिवस ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते, कारण लगोरी फोडताना कोणी बोलत नाही आणि समूहपठणात तो इतरांच्या आधाराने नीट म्हणत असे. सरावात मात्र त्याच्यामुळे रांगेचा ठेका चुकू लागला. दोन दिवस ताईंनी प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी त्याला मागच्या ओळीत उभे केले आणि हळूच सांगितले, ‘तू नुसते ओठ हलव हं.’

कार्यक्रम देखणा झाला. प्रमुख पाहुण्यांनी मुलांच्या स्पष्ट उच्चारांची प्रशंसा केली. तो मुलगाही शहाण्यासारखा ओठ हलवीत उभा होता. त्या रात्री घरी आजीने देवापाशी दिवा लावला आणि नेहमीप्रमाणे त्याला शुभंकरोती म्हणावयास सांगितले. तो हात जोडून उभा राहिला आणि नुसते ओठ हलवीत राहिला. घरातल्या देवासमोर तो कधीच अडखळला म्हणून कोणी रागावले नव्हते. आजीला आधी वाटले, गंमत करतो आहे. पुढे कित्येक आठवडे त्याचा आवाज देवघरात परत आला नाही.

ती ताई दुष्ट नव्हती. ती एकवीस वर्षांची, मन लावून काम करणारी मुलगी होती, आणि हे कळल्यावर त्या घरी जाऊन ती आजीपाशी रडली. पण दुसऱ्या दिवशी पाच वाजता पाहुणे येणार होते, दोनशे खुर्च्या मांडायच्या होत्या, छायाचित्रकार सांगून ठेवला होता. या साऱ्याच्या ओझ्याखाली सहा वर्षांच्या मुलाचा आवाज दबून गेला. असे प्रसंग आपल्या किती शिबिरांत घडले असतील याची नोंद कोठेही नाही. कारण नुसते ओठ हलविणारे मूल छायाचित्रात इतरांसारखेच दिसते.

गिजुभाई आणि माँटेसरी या दोघांनीही बक्षीस आणि शिक्षा या दोहोंना बालशिक्षणातून हद्दपार केले होते. आपल्याला शिक्षा अमान्य झाली. बक्षीस मात्र अजून प्रिय आहे. ‘आदर्श शिबिरार्थी’ निवडला जातो तेव्हा एक मूल हरखते आणि साठ मुलांना कळते की आपण आदर्श नाही. पाच वर्षांच्या मुलाला ही बातमी देण्याची एवढी निकड कोणाला असते?

समारोप टाळता येत नाही, पालकांना काही दाखवावे लागते, वर्गणीदारांना बोलवावे लागते, या अडचणी खऱ्या आहेत. त्यावर काही ठिकाणी एक साधा उपाय करून पाहिला गेला आहे. शेवटच्या दिवशी पालकांना संध्याकाळी खुर्च्यांवर बसविण्याऐवजी सकाळी साडेसातलाच मुलांबरोबर बोलावले जाते. व्यासपीठ नाही, ध्वनिक्षेपक नाही. मूल आपल्या आईला किंवा बाबांना हाताला धरून कोपऱ्याकोपऱ्यातून नेते. इथे आम्ही माती मळली, ही माझी सावली, हा माझा बैल. मग बाबा मातीत हात घालतात, आई सागरगोटे झेलते. मुलांना ती कधी येतच नसतील असे वाटलेले असते. वडिलांना पाचाच्या वर सागरगोटे झेलता आले नाहीत की मुलांना होणारा आनंद कोणत्याही बक्षिसाहून मोठा असतो. श्लोक होतात ते गोल करून, पालकांसह, साऱ्यांच्या एकत्र आवाजात. पहिल्या वर्षी काही पालक नाराज होतात. ‘कार्यक्रम नाही का?’ असे विचारतात. ते ऐकून घ्यावे.

आणखी एक विषय उरतो. तो शिबिराच्या आतला नाही, फाटकाबाहेरचा आहे.

ताराबाई मोडक राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून गिजुभाईंच्या कार्यात सहभागी झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंना एक गोष्ट सतत खुपत असे. बालमंदिरे निघाली, पण त्यांत येत होती ती सुखवस्तू घरांतलीच मुले. म्हणून १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या (हा भाग आता पालघर जिल्ह्यात येतो) आणि तेथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्या सोबत होत्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली आणि अन्य वनवासी मुलांमध्ये त्यांनी उर्वरित आयुष्य वेचले. बोर्डीत त्यांना आढळले की हरिजन वस्तीतील मुले बालवाडीत येतच नाहीत. तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल, हा तो विचार. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथून आला, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तो देशभर गेला. मुले गुरे चारायला जातात म्हणून कुरणातच भरणारी कुरणशाळाही त्यांनी चालविली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. पण बोर्डीच्या त्या पहिल्या अंगणात शेणाने सारवलेल्या जमिनीखेरीज काही नव्हते.

आपल्या शिबिराचे शुल्क पाचशे असो की दीड हजार, ते देऊ शकणाऱ्यांचीच मुले आत येतात. ज्या शाळेच्या पटांगणावर शिबिर भरते, तिच्या शेजारी बहुधा एखादी इमारत उभी राहत असते, आणि त्या बांधकामावरची तीन-चार मुले रोज सकाळी फाटकाच्या गजांना धरून आतले खेळ पाहत असतात. दादा लोक त्यांना हाकलत नाहीत, चांगले आहेत. फक्त त्यांच्याकडे पाहत नाहीत. त्यांना आत घ्यावे की नाही यावर बैठकीत चर्चा होते. शुल्क भरलेले पालक काय म्हणतील, विमा आहे का, उद्या वीस आली तर काय करायचे. हे प्रश्न खोटे नाहीत. पण आपल्या शिबिराला अंगण म्हणायचे असेल, तर अंगणाला गज नसतात हेही ध्यानात घ्यावे लागेल.

मराठवाड्यातील एका शहरात गेल्या काही उन्हाळ्यांपूर्वी अशीच एक सात वर्षांची मुलगी कडेवर धाकट्या भावाला घेऊन फाटकापाशी उभी राहत असे. तिसऱ्या दिवशी मातीकामाच्या ताईने कोणाला न विचारता दोघांना आत घेतले. चौथ्या दिवशी त्यांची आई कामावर जाण्याआधी आली आणि पदराच्या गाठीतून पन्नासची नोट काढू लागली. ताई म्हणाली, ‘पैसे राहू द्या मावशी. आमचे मातीचे बैल वाळले की तडकतात, त्यावर काही माहीत असेल तर सांगा.’ त्या माउलीने वाळत घातलेल्या बैलांच्या रांगेकडे पाहिले, एक बैल उचलला आणि हसली. माती नीट मुरलेली नव्हती, तिच्यात रेती नव्हती, आणि बैल उन्हात वाळवले होते. संध्याकाळी तिने बांधकामावरची बारीक चाळलेली रेती घमेलाभर आणून दिली, माती रात्रभर भिजत घातली, आणि दुसऱ्या सकाळी मुकादमाकडून तासाभराची सवलत घेऊन ती ओसरीवर मुलांमध्ये येऊन बसली. माती कशी तिंबायची, पाय कसे जाड ठेवायचे, शिंगे पाण्याचे बोट लावून कशी जोडायची, हे तिने करून दाखविले; बोलली फार थोडे. बैल सावलीत, ओल्या फडक्याखाली दोन दिवस वाळले. बेचाळीस बैलांपैकी अकरांची शिंगे तरीही निखळली. शेवटच्या दिवशी पालक येण्यापूर्वी ती आपल्या मुलीला शेजारी बसवून एकेक शिंग पुन्हा लावीत होती, आणि ज्यांचे बैल होते ती मुले तिच्याभोवती उकिडवी बसून आपापला क्रमांक कधी येतो याची वाट पाहत होती.